पॅनल सॉसाठी मुलीची एफडी मोडावी का?

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं छोटं वर्कशॉप आहे. चार कारागीर आहेत, महिन्याला साधारण ६० शीट प्लाय लागतं. १८ मिमीची शीट मला ३,००० रुपयांना पडते. त्यातलं २२ टक्के वाया जातं, असा माझा अंदाज. पॅनल सॉ (प्लायच्या अख्ख्या शीट अचूक कापणारं मोठं मशीन) आणि त्यासोबतचं कटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं तर वेस्टेज ८ टक्क्यांवर येईल, असं विक्रेता सांगतो. किंमत जीएसटीसह १२ लाख. बँक ७ लाख द्यायला तयार आहे, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. बाकीच्या ५ लाखांसाठी मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडावी लागेल. ती पुढच्या वर्षी बारावी होईल. साधारण ४० टक्के कामांत प्लाय पार्टीच आणून देते, मी फक्त मजुरी घेतो. सिंहस्थामुळे हॉटेल-लॉजची कामं वाढली आहेत. मशीन घेऊ का?

उत्तर: एफडीला हात लावू नका. मशीनचा निर्णय तीन महिने पुढे ढकला, आणि त्या तीन महिन्यांत मी खाली सांगतो ते काम करा.

विक्रेत्याचा हिशोब वरवर पाहता बिनतोड वाटतो. ६० शीट म्हणजे महिन्याचा १,८०,००० रुपयांचा माल. वेस्टेज २२ वरून ८ टक्क्यांवर आलं तर महिना २५,२०० रुपये वाचतील. ७ लाखांचा हप्ता बसेल सुमारे १५,२२० रुपये. म्हणजे हप्ता भरूनही दहा हजार हातात! पण तुम्हीच पत्रात लिहिलंय की ४० टक्के माल पार्टीचा असतो. त्या २४ शीटमध्ये काटकसर झाली तर पैसे पार्टीचे वाचतील; तुमच्या गल्ल्यात त्यातला रुपयाही येणार नाही. तुमच्या स्वतःच्या मालाच्या शीट ३६. त्यावर १४ टक्के वाचले तर १५,१२० रुपये होतात. विक्रेत्याचा दावा शंभर टक्के खरा धरला, तरी बचत आणि हप्ता जेमतेम बरोबरीत सुटतात. एफडीचं बुडणारं व्याज, मुदतीआधी मोडल्याचा दंड, मशीनची वीज आणि देखभाल यात धरलेलीच नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न: वेस्टेज कमी होतं ते मशीनमुळे की आखणीमुळे? तुमच्या रोजच्या कामातलंच उदाहरण घेतो. किचनच्या खालच्या बॉक्सची बाजूची पाटी ७२० बाय ५६० मिमी. शीट २४४० बाय १२२०. लांबीत ५६० च्या दोन पट्ट्या काढल्या, प्रत्येकीतून ७२० चे तीन तुकडे, म्हणजे एका शीटमधून सहा पाट्या. वापर ८१ टक्के. उरलं काय? पात्याची ३ मिमी जाडी वजा करून साधारण ९४ मिमी रुंद एक लांब पट्टी आणि २७१ बाय ५६० चे दोन तुकडे. बऱ्याच वर्कशॉपमध्ये हे कोपऱ्यात जातं आणि महिनाअखेरीस भंगारात. पण त्याच किचनमध्ये ६०० च्या बॉक्सला वरच्या आडव्या पट्ट्या लागतातच. त्या ५६४ लांब आणि ९० रुंद ठेवल्या, तर त्या उरलेल्या पट्टीतून चार निघतात. बाटल्यांच्या ३०० मिमीच्या पुलआउटचा तळ असतो २६४ बाय ५६०. तो त्या दोन तुकड्यांतून निघतो. आता त्याच शीटचा वापर ९८ टक्क्यांच्या आसपास जातो, तेही तुमच्या आत्ताच्या टेबल सॉवर. प्रत्येक शीट अशी जुळणार नाही, हे मला माहीत आहे. पण कटिंग सुरू होण्याआधी पूर्ण ऑर्डरची यादी एकत्र मांडली, शक्य तिथे दोन ऑर्डरी एकत्र घेतल्या, तर जुळणाऱ्या शीटची संख्या खूप वाढते.

हे गणित जुनं आहे. १९३९ मध्ये लेनिनग्राडचे गणितज्ञ लिओनिद कँटोरोविच यांनी उत्पादनाच्या नियोजनावर एक पुस्तिका लिहिली. त्या कामाची सुरुवात झाली ती एका प्लायवुड उद्योगाने विचारलेल्या प्रश्नातून, आणि कमीत कमी वाया घालवून माल कसा कापावा हा प्रश्नही तिच्यात आहे. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आज हीच आखणी करून देणारी सॉफ्टवेअर मोबाइलवर मोफत किंवा थोडक्या मासिक शुल्कात मिळतात. त्यात पात्याची जाडी, शीटची कडा किती छाटता आणि लाकडाची रेषा कोणत्या दिशेला हवी, एवढं मात्र नीट भरा. सागवानी व्हिनियरच्या (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थराच्या) शटरला रेषा उभीच लागते, तुकडा फिरवता येत नाही. तिथलं वेस्टेज कुठलंच मशीन फारसं खाली आणणार नाही. पात्याचं नुकसानही राहणारच: एका शीटवर २० मीटर कटिंग झालं तर सुमारे २ टक्के प्लाय भुसा होऊन जातं.

सागवानी चौकटींची कामं घेत असाल तर तिथेही हेच. सात फुटाच्या दोन उभ्या आणि तीन फुटाची एक आडवी लागत असताना आठ फुटी माल घेतला की प्रत्येक उभीमागे फूटभर तुकडा पडतो. दहा फुटी एक आणि सात फुटी एक, कापायला थोडी जास्त लांबी धरून, असा मागून बघा. घनफुटाचा भाव थोडा जास्त पडला तरी एकूण बिल तपासा.

तर तीन महिने एक वही ठेवा. प्रत्येक ऑर्डरमागे चार नोंदी: किती शीट उघडल्या, माल कोणाचा, किती तुकडे परत वापरात आले, किती फेकले. तुमचा २२ टक्के हा अंदाज आहे, आणि अंदाजावर पाच वर्षांचा हप्ता उभा करू नये. कापून उरलेल्या, पुढे वापरता येतील अशा तुकड्यांवर माप लिहून ते उभे रचून ठेवा, म्हणजे कारागीर नवी शीट उघडण्याआधी तिकडे बघेल. आणि कारागिरांना वाचलेल्या मालातला वाटा द्या. वेस्टेज शेवटी त्यांच्याच हातात असतं.

समजा आखणीनेच वेस्टेज १४ टक्क्यांवर आलं. मग मशीनमुळे वाचतील उरलेले ६ टक्के, म्हणजे शीटमागे १८० रुपये. तेवढ्यावर हप्ता फेडायचा तर महिन्याला स्वतःच्या मालाच्या ८५ शीट लागतील. आज ३६ आहेत.

मशीन घेण्याची दुसरी कारणं आहेत, आणि ती भक्कम आहेत: काटकोन अचूक, एज बँडिंगसाठी (कडेला पट्टी चिकटवण्यासाठी) कडा स्वच्छ, कामाचा वेग. पण मग वेग हेच कारण धरून हिशोब मांडा, आणि तो सिंहस्थाच्या गर्दीवर मांडू नका. २०२७ चा सिंहस्थ होऊन जाईल, हप्ते त्यानंतरही चालू राहतील. तोवर मोठ्या ऑर्डरींचं कटिंग पॅनल सॉवाल्याकडून जॉबवर्कने करून घ्या. त्याचं महिन्याचं बिल सलग सहा महिने हप्त्याच्या जवळपास जाऊ लागलं, तर मशीन घ्यायला मीच सांगेन. तेव्हाही मार्जिनचे, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः घालायचे पैसे धंद्याच्या शिलकीतून यावेत. १२ लाखांत सुमारे १,८३,००० रुपये जीएसटी आहे. तुम्ही नियमित करदाते असाल तर त्याचं क्रेडिट मिळेल, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळणार नाही. हे सीएला आधीच विचारा.

या आठवड्यात एक करा. नुकत्याच संपलेल्या एखाद्या मोठ्या किचनची पूर्ण माप-यादी घेऊन विक्रेत्याकडे जा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तुमच्यासमोर भरायला लावा, रेषेची दिशा आणि पात्याची जाडी धरून. किती शीट लागतात ते बघा, आणि त्या कामाला तुम्ही खरोखर किती शीट विकत घेतल्या होत्या त्या बिलाशी ताडून पाहा. मग तीच यादी मोफत सॉफ्टवेअरमध्येही टाका. दोन्ही उत्तरांत एखाद्या शीटचाच फरक आला, तर १२ लाखांचा सौदा पुढे ढकलायला तुम्हाला माझ्या सल्ल्याचीही गरज उरणार नाही.