हाक कामावर येते, पोरी

पोरी, सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर तू विचारलंस, "अंकल, देवाने मला कशासाठी बनवलंय हे मला कधी कळणार?" आणि मी स्कूटरची किल्ली शोधत होतो म्हणून "बघू की, प्रार्थना करू" असं काहीतरी पुटपुटलो. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण हेच उत्तर चाळीस वर्षांमागं मी दुसऱ्या एकाला दिलं होतं आणि ते अजून टोचतंय. म्हणून लिहितोय.

देवाची योजना वगैरे तुला संडे स्कूलपासून पाठ आहे, ते परत उगाळत नाही. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, तीन रिट्रीट झाले, उपास झाले, यिर्मयाचं ते वचन तू डायरीत लाल पेनाने लिहिलंयस, आणि शाळेतली नोकरी चालून आली ती "हे माझं पाचारण नाही", देवाचं बोलावणं नाही, म्हणून सोडलीस. बरं, मग पाचारण कुठाय? येईल म्हणतेस. कुठं येईल, पलंगावर?

पवित्र शास्त्र उघडून बघ की जरा. मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता, गिदोन मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता (भित्रा होता, पण झोडत होता बरं का), शौल बापाची हरवलेली गाढवं शोधत फिरत होता, अलीशा शेतात बारा जोड्यांचा नांगर चालला होता त्यात बाराव्या जोडीमागं स्वतः चालत होता, पेत्र आंद्रिया जाळं टाकत होते, याकोब योहान फाटकी जाळी शिवत होते, आणि मत्तय तर जकातनाक्यावर पैसे मोजत बसला होता. हाक कामावर येते. तू म्हणशील शमुवेल झोपला होता. झोपला होता, पण कुठं? मंदिरात, दिवा विझायच्या आधी, म्हाताऱ्या एलीच्या सेवेला. हाक मारली की उठून पळत जायची सवय होती त्याला, म्हणून तर तीनदा उठला. रिकामा नव्हता.

आता माझं ऐक. १९८४ साल, मी बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर, लेथ मशीनवर लोखंड कापणारा. पाळकसाहेब म्हणाले, खानापूरच्या बाजूला एका गावात आपली चार-पाच घरं आहेत, रविवारी दुपारी मुलांना शिकवायला कोणी नाही, तुला पेटी येते, जाशील का? मी म्हटलं प्रार्थना करून सांगतो. मला तेव्हा बायबल कॉलेज, पुलपिट, पांढरा झगा असलं काय काय दिसत होतं आणि देव दाखवत होता दुपारची खानापूर बस. दोन वर्षं प्रार्थनाच केली मी. मग पाळकसाहेबांची बदली झाली आणि विषय संपला.

पुढं कितीतरी वर्षांनी त्याच गावचा एक पोरगा आमच्या शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. एकदा कॉटन वेस्टने हात पुसत सहज म्हणाला, "आम्ही दर रविवारी फाट्यावर जाऊन बसायचो ओ, पेटीवाला येणार म्हणून सांगितलेलं." त्याला माहीतच नव्हतं पेटीवाला कोण ते. मी मान खाली घालून माप बघायच्या डायलची सुई बघत राहिलो. आजपर्यंत सांगितलं नाही त्याला.

डायलवरून आठवलं. लेथवर चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, जॉब म्हणजे कापायचा तुकडा पकडला की तो सेंटरला आहे का वाकडा बसलाय हे नुसतं बघून कळत नाही, कितीही डोळे फाडून बघ. डायल टेकवायची आणि चक हाताने सावकाश फिरवायचा, मग सुई हलते, मग कळतं पकडीचा कुठला जॉ, म्हणजे जबडा, ढिला करायचा आणि कुठला आवळायचा. चक उभा असला की सुई पण उभी. तू दोन वर्षं चक न फिरवता सुईकडे बघत बसलीयस, आणि वर मला विचारतेस सुई का हलत नाही!

रमाबाईंचं घे. पंडिता रमाबाई, आपल्याच कर्नाटकातल्या रानात १८५८ ला जन्मलेल्या. पुण्यात शारदा सदन चाललं होतं, त्याला उत्पन्न पाहिजे म्हणून पुण्याजवळच्या केडगावला जमीन घेतली, फळबाग लावायला. एवढंच. नंतर दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या त्या ह्याच जमिनीवर राहिल्या, तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं आणि तिथंच हिब्रू ग्रीक शिकून बाईंनी आख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, साठी उलटून गेली तरी काम चालूच. झाडं लावताना ह्यातलं काय दिसलं असेल?

आता तुझ्या पाचारणाचं. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या काउंटरवर तू त्या वडगावच्या आजींना कन्नड कागद वाचून मराठीत समजावत होतीस, मी मागच्या बाकावर बसलो होतो. एकेका ओळीवर बोट ठेवून, मध्येच थांबून "कळलं न्हवं आजी?" विचारत. आजींनी तुझा हात सोडलाच नाही. दोन्ही भाषा तुझ्या तोंडात सारख्या बसल्यात, आणि आपल्या बेळगावात किती म्हातारी माणसं कागद हातात धरून नुसती उभी असतात हे तुला माहीत आहे. हेच तुझं पाचारण असं मी म्हणत नाही. मला काय माहीत? मी म्हणतोय चक फिरव.

माझा मेव्हणा म्हणतो, तुम्ही जन्मभर लोखंडच कापलंत, पास्टर झाला असता तर. म्हणू दे. प्रभू स्वतः तिशीपर्यंत सुतारच होता आणि पौल तंबू शिवायचा. माझ्या हाताखाली पोरं तयार झाली, त्यातली दोघंतिघं आज स्वतःचं मशीन टाकून बसलीत, पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानाकडं न जाता घरी जातात, त्यात माझा थोडा हात आहे असं मी मानतो. हे तुला समजावतोय का मेव्हण्याला का स्वतःलाच, देव जाणे. पण खानापूरची बस चुकली ती चुकलीच, त्याला ह्यातलं काहीच पुरत नाही.

रागावू नकोस. बुधवारी त्या आजी संध्या सुरक्षाचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज भरायला कचेरीत येणार आहेत, त्यांच्या मुलाला वेळ नाही. मी त्यांना सांगून टाकलंय, एक पोरगी येईल म्हणून. साडेदहाला ये. येताना पेन आण, दोन आण, त्यांच्या झेरॉक्सवर सह्या करायच्यात आणि तिथं दोरीला बांधलेलं पेन कधी चालत नाही.

तुझे अंकल