स्थितांबरातलं 'अंबर' आणि 'स्थित'

प्रश्न असा आलाय की स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा खालून दुसरा थर) या शब्दातलं अंबर हे पीतांबरातलंच का, आणि तसं असेल तर हवेच्या थराला वस्त्र कशाला म्हणायचं.

हो, तेच. संस्कृतात अंबर म्हणजे वस्त्र पण आणि आकाश पण. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र, आणि नीलांबर म्हटलं की निळं कापड घ्या नाहीतर निळं आभाळ, दोन्ही चालतं. इथे अर्थ आकाशाचा आहे, पण थर पृथ्वीभोवती एकावर एक गुंडाळलेले असल्यामुळे वस्त्रही फिट्ट बसतं. म्हणून तपांबर (जमिनीलगतचा थर), स्थितांबर, मध्यांबर (स्थितांबराच्या वरचा थर) ही नावं मला हिंदीतल्या क्षोभमंडल, समतापमंडल वगैरेंपेक्षा जास्त आवडतात. आणि गंमत म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरमधला लॅटिन 'स्ट्रॅटम' म्हणजे मुळात अंथरलेली गोष्ट, अगदी अंथरूण-पांघरूणसुद्धा! म्हणजे कापड तिकडेही आहेच.

आता 'स्थित'. हे काही स्ट्रॅटोचं भाषांतर नाही, ते तापमानावरून आलंय. तपांबरात वर जाल तसं दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरतं. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसरां द बोर यांनी फुग्यांना उपकरणं बांधून वर सोडली, पुन्हा पुन्हा सोडली, आणि 1902 मध्ये सांगितलं की साधारण 11 किलोमीटरच्या वर ही घसरण थांबते, तापमान जवळपास तेवढंच राहतं. स्थित झालं म्हणून स्थितांबर. पण हे फक्त खालच्या भागाला लागू आहे हं, वरती ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो त्यामुळे तापमान उलट वाढत जातं आणि 50 किलोमीटरच्या आसपास शून्य अंशाजवळ पोचतं. तरी नाव अगदीच चुकीचं नाही म्हणता येणार, कारण खाली गार वर उबदार असं असल्यामुळे हवेची वर-खाली उलथापालथ फार होत नाही. आडवे वारे मात्र जोरात वाहतात.

जाता जाता, घाईत काहीजण 'स्थितांतर' किंवा चक्क 'स्थित्यंतर' लिहितात. स्थित्यंतर म्हणजे स्थिती अधिक अंतर, म्हणजे बदल, बरोब्बर उलटा अर्थ. आणि तपांबराचं इंग्रजी नाव ट्रोपोस्फिअर, त्यातला ग्रीक 'ट्रोपोस' म्हणजे वळण, बदल, त्यामुळे स्थित्यंतर हे नाव द्यायचंच असेल तर खालच्या मजल्यावरच्या तपांबराला द्या.