मूडलवर सिलॅबस टाकताय? पीडीएफ नको, पेज करा

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: कॉलेजने यंदा मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) सुरू केलं, तुम्ही द्वितीय वर्षाच्या अर्थशास्त्राच्या पेपरचा सिलॅबस पीडीएफ करून चढवला. मग दोनदा बदल झाले, दोन्ही वेळा नवी फाइल टाकली. आता मुलांना तीन सिलॅबस दिसतात आणि "मॅडम, यातला कुठला धरायचा?" हे रोज ऐकावं लागतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम ही एक. त्यातला कानामात्राही आपल्याला बदलता येत नाही, म्हणून ती पीडीएफ जशीच्या तशी एकदा चढवून ठेवा. दुसरं म्हणजे तुमचं सेमिस्टरचं नियोजन: कुठल्या आठवड्यात कुठलं युनिट, अंतर्गत गुण कसे विभागलेत, कुठली पुस्तकं वाचायची, तुम्हाला कधी भेटायचं. बदलतं ते हे. आणि जे बदलणार आहे ते पीडीएफमध्ये ठेवूच नये.

त्यासाठी मूडलमध्ये 'पेज' आहे. वर उजवीकडे 'एडिट मोड' चालू करा (४.० च्या आधीच्या आवृत्तीत 'टर्न एडिटिंग ऑन' असं बटण असतं). कोर्सच्या अगदी वरच्या 'जनरल' विभागात नवीन रिसोर्स म्हणून 'पेज' घ्या, नाव द्या, 'पेज कंटेंट'मध्ये मजकूर लिहा आणि सेव्ह करा. पुढे काही बदललं की त्याच पेजच्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन मजकूर दुरुस्त करायचा. पेजची लिंक तीच राहते, त्यामुळे तुम्ही जूनमध्ये वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली लिंक ऑक्टोबरमध्ये उघडली तरी ताजाच मजकूर दिसतो. सेटिंग्जमध्येच 'अपिअरन्स'खाली शेवटच्या बदलाची तारीख दाखवायचा पर्याय आहे, तो टिक केलेला असू द्या. आधीच्या तिन्ही फाइली डिलीट करू नका, 'हाइड' करा. मुलांना दिसणार नाहीत, पण उद्या नॅकसाठी (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) कुणी मागितल्या तर हाताशी राहतील.

मजकूर मराठीत असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. कॉलेजच्या ऑफिसमधल्या वर्ड फाइली अजूनही बऱ्याचदा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. तो मजकूर कॉपी करून पेजमध्ये टाकलात की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, कारण मुळात तो युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर तसाच दिसणारी अक्षरांची पद्धत) नसतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, चुका नेमक्या तिथेच राहतात. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे वर्डमधली रंगरंगोटी सोबत येत नाही. आणि सहा रकान्यांचा तक्ता करू नका. बहुतेक मुलं हे फोनवर वाचतात. आठवडा, विषय, वाचन एवढे तीन रकाने पुरतात.

नियोजन लिहिताना तासांचा हिशोब खरा धरा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या पेपरला ६० तास. कागदावर १५ आठवडे गुणिले ४ असं छान बसतं, पण पहिल्या सेमिस्टरमध्ये गणपती येतात, अंतर्गत परीक्षांचा आठवडा जातो. शेवटच्या युनिटचा बळी बहुतेक इथेच जातो. म्हणून १२ ते १३ आठवड्यांत संपेल असं मांडा आणि उरलेले तास उजळणीला ठेवा.

आता तारखा. माझं ठाम मत आहे की नेमकी तारीख एकाच जागी असावी, आणि ती जागा म्हणजे त्या असाइनमेंटची 'ड्यू डेट'. तिथे भरलेली तारीख कॅलेंडरमध्ये आणि मुलांच्या डॅशबोर्डवर आपोआप जाते. सिलॅबसच्या पेजवर फक्त "युनिट २ संपल्यानंतरच्या आठवड्यात" एवढं लिहा. दोन्हीकडे तारीख लिहिली की एक बदलते, दुसरी राहते, आणि भांडण तिथून सुरू होतं. गुणांचंही तसंच. समजा अंतर्गत ३० गुणांपैकी चाचणीला १५, असाइनमेंटला १० आणि सादरीकरणाला ५ असं पेजवर लिहिलंत, तर ग्रेडबुकमध्ये (मूडलच्या गुणतक्त्यात) नेमके तेच आकडे हवेत.

सेमिस्टर सुरू झाल्यावर बदल करताना मात्र जपून. वाचन, विषयांचा क्रम, पाहुण्यांचं व्याख्यान हे खुशाल बदला. गुणांची विभागणी मध्येच बदलू नका. मुलांनी अभ्यासाचा वेळ त्यावरच बेतलेला असतो, आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला तो पुन्हा बेतता येत नाही. विभागाने बदलायला लावलीच, तर निदान पुढच्या मूल्यमापनापासून लागू करा, झालेल्याला हात लावू नका. प्रत्येक बदलाची तारखेसह एक ओळ पेजच्या डोक्यावर लिहा: "५ सप्टेंबर: युनिट ३ आणि ४ यांचा क्रम बदलला, चाचणीत युनिट ३ नाही." शिवाय 'अनाउन्समेंट्स'मध्ये कळवा. तिथे पोस्ट केल्यावर साधारण ३० मिनिटं दुरुस्तीची मुभा असते, मेल त्यानंतर जातो, म्हणून मेल लगेच आला नाही तर पुन्हा पोस्ट करत बसू नका.

सगळं झालं की आपल्या नावाच्या मेनूतून 'स्विच रोल टू' घेऊन 'स्टुडंट' निवडा आणि कोर्स बघा. हाइड केलेलं खरंच लपलंय का, ते लगेच कळतं.

पुढच्या वर्षी हाच कोर्स 'रीसेट' करायचा मोह होईल. त्यात निवडाल त्याप्रमाणे मुलांची उत्तरं आणि गुण पुसले जातात. त्यापेक्षा अ‍ॅडमिनकडून नवा रिकामा कोर्स मागून घ्या आणि त्यात जुन्यातलं 'इम्पोर्ट' करा. मुलांचा डेटा येत नाही, पेज आणि असाइनमेंट येतात. मग डोक्यावरच्या बदलांच्या ओळी काढून टाका आणि प्रत्येक ड्यू डेट उघडून स्वतः तपासा.