तुला परत का यावं लागलं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

देवाला तुझ्याकडून नेमकं काय हवंय, असं तू विचारलंस. पुण्याची नोकरी सोडून ग्वाल्हेरला परतलीस, लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करतेस, आणि तिची गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून रोज सकाळी लष्कर भागात घरोघरी जेवणाचे डबे पोचवतेस. एका दारात तुझी शाळेतली मैत्रीण निघाली आणि तिनं ओळख दाखवली नाही, हे सांगताना तुझा गळा दाटला. समोरासमोर मी तुला घाईनं समजावलं असतं. म्हणून सावकाश लिहितेय.

आधी एक सांगते. तुला धडा शिकवायला देवानं आईला आजारी पाडलं, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या, की मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. ते शरीराचं कारण आहे. त्या झटक्यात मला देव कधी दिसला नाही. झटक्यानंतर जे उशाशी बसून राहिले, ज्यांनी घाण काढताना तोंड फिरवलं नाही, त्यांच्यात दिसला. माझी श्रद्धा एवढ्यावरच उभी आहे, आणि ती भक्कम आहे.

आता हेतूचं. आपल्या गावची गायकी महाराष्ट्रात कशी गेली ते तू ऐकलंच असशील. हस्सू खांसाहेबांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे इथं शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मिरजेला त्यांचे शिष्य झाले विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. लहानपणी तोंडाजवळ फटाका फुटून त्याचे डोळे कायमचे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून गाणं शिकायला पाठवलं. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराघरांत नेलं. लोक ही गोष्ट फार लवकर संपवतात. डोळे गेले म्हणून गाणं मिळालं, पाहा देवाची लीला! पण शाळेत जाता येत नाही म्हणून घरात बसलेल्या त्या पोराला 1901 साल दिसत नव्हतं. त्याला फक्त अंधुक दिसत होतं, आणि पुढे कुणीतरी सांगितलेला सूर लावायचा होता. तुझंही आज तेवढंच आहे.

आणि त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध तर मला जास्त जवळचा वाटतो. लाहोरहून मुंबईला आले, विद्यालयासाठी कर्ज काढून इमारत बांधली, ते फिटलं नाही आणि इमारत लिलावात गेली. या खेपेला नुकसान भरून देणारं काही पदरात पडलं नाही. ते नाशिकला गेले, रामनामात रमले, शिकवत राहिले. 1931 मध्ये वारले. म्हणजे एका संकटातून वाट फुटली आणि दुसऱ्यातून तशी काही दिसली नाही, तरी माणूस त्याच देवाचं नाव घेत राहिला. पुण्याच्या नोकरीच्या बदल्यात देव याहून मोठं काही देईल, असं मी तुला सांगणार नाही. मला ते ठाऊक नाही. तू कुणाच्या उपयोगी पडतेयस, हे मात्र मला दिसतं.

फूलबागेजवळच्या खोलीतला तो कोचिंगचा मुलगा आठवतो? दोन दिवस त्याचा डबा जसाच्या तसा परत आला आणि तिसऱ्या दिवशी तू दारात थांबून विचारलंस. पोरगा तापानं फणफणला होता, घरी कळवलंही नव्हतं. नोकरी चालू असती तर तू त्या जिन्यावर कधी चढली नसतीस. देवाचा हेतू म्हणजे मला हेच कळतं. हेतू शोधून मग काम धरायचं, असं मी कुणाच्या बाबतीत घडताना पाहिलं नाही. रात्री देवापुढे बसून 'का?' असं रडत विचार, खुशाल विचार, तो रागवत नाही. सकाळी मात्र एवढंच विचारावं, 'आज माझ्यापुढे कुणाला आणलंयस?'

घेणंही शिक. तुला द्यायला जमतं, घ्यायला जड जातं. शेजारच्या काकूंनी भाजी आणली तर तू ओशाळतेस. ज्या महादजी शिंद्यांच्या नावानं इथला प्रत्येक मराठी माणूस छाती काढतो, ते 14 जानेवारी 1761 ला पानिपतच्या लढाईत पायावर घाव बसून पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्यानं त्यांना बैलावर घालून वाचवलं. पाय जन्मभर अधू राहिला. पुढे त्यांनी त्या पखाल वाहणाऱ्याला भाऊ मानलं, सरदार केलं. दुसऱ्यानं उचलल्याशिवाय आपण हलू शकत नाही, हे ज्यानं अंगावर अनुभवलं, त्याला पखालवाला दिसतो. काकूंची भाजी घे.

मात्र नमतं घेणं आणि स्वतःला लुबाडू देणं यात गल्लत करू नकोस. महिन्याचे पैसे थकवणाऱ्याला स्पष्ट माग. जो 'ए डब्बेवाली' म्हणून ओरडतो त्याला आपलं नाव सांग, नाही सुधारला तर डबा बंद कर. मैत्रिणीचं मात्र मनातून सोडून दे. तिला काय बोलावं ते सुचलं नसेल.

आईच्या पाठीला अजून एकही जखम नाही, हे मी गेल्या वेळी नीट पाहिलं. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय असं होत नाही, रात्रीसुद्धा. ते कुणी केलं, हे आईला बोलता येत नसलं तरी समजतं. टाचांखाली उशी ठेवत जा, टाचा गादीला टेकू देऊ नकोस.

शनिवारी संध्याकाळी मी आईजवळ थांबेन. तू ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जा, नाहीतर सरळ झोप काढ. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मला चालेल. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव, आणि खालच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे देऊन ठेव.

तुझी,
मावशी