क्लीनरच्या बाटलीवर लाल चौकटीत जी चिन्हं असतात त्यांचा खरंच काही उपयोग असतो का, की नुसती कायद्यापुरती छापतात?

उपयोग आहे, पण दिसली तर. हातावर आणि धातूवर थेंब पडतायत असं चित्र म्हणजे कातडी, डोळे जाळणारं. कवटी म्हणजे जरासं पोटात किंवा श्वासात गेलं तरी जिवावर बेतेल असं. नुसतं उद्गारचिन्ह त्यामानाने सौम्य, चुरचुर, खाज वगैरे. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत (रसायनांचे धोके लेबलवर सगळीकडे सारखेच दाखवायची पद्धत) अशी एकूण ९ आहेत, बाकीची शोधली की सापडतील.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझं कामच लेबलचं आर्टवर्क करायचं, त्यामुळे हे जरा लागतं. माझ्या ताईने बाथरूम घासताना आधी अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकलं, डाग निघेनात म्हणून वरून ब्लीच ओतलं. दोन मिनिटांत घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, खोकत खोकत बाहेर आली. क्लोरीन वायू होतो त्याचा, दुसरं काही नाही. नशीब दार उघडं होतं. आणि दाजींचं पहिलं वाक्य काय, तर "मागे लिहिलेलं असतं, वाचायला काय होतं?"

मी ती बाटली घरी घेऊन आले. पुढे लिंबं, फेस, चकाकणारी फरशी. मागे निळ्यावर चंदेरी अक्षरात सूचना, तीही स्टिकरची दोन टोकं जिथे एकावर एक चिकटतात तिथे, म्हणजे अर्धी ओळ डिंकाखाली. उरलेलं भिंग लावून वाचलं तर "इतर उत्पादनांत मिसळू नये". कुठल्या इतर? मिसळलं तर काय होईल? "ब्लीचबरोबर वापरू नका, विषारी वायू तयार होतो" एवढं छापायला जागा नव्हती म्हणे, लिंबांना होती! असल्या आर्टवर्कवर मी स्वतः क्लायंटशी भांडलेय, "वॉर्निंग जरा बारीक करा, लूक बिघडतो" हे वाक्य मला पाठ आहे. युरोपियन युनियनच्या नियमात चिन्ह किमान १ चौरस सेंटीमीटर असावं लागतं आणि धोकादायक मालावर "बिनविषारी", "पर्यावरणस्नेही" असलं काही लिहिताच येत नाही, ते उगाच नाही केलेलं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, वाचता न येणारी सूचना ही सूचनाच नाही, ती कंपनीने स्वतःच्या वकिलासाठी छापलेली असते. ओल्या हाताने, चष्मा बाजूला ठेवून काम करणाऱ्या बाईला दोष देणं सगळ्यात सोपं. दाजींना म्हटलं तुम्ही वाचून दाखवा, तर बाटली लांब धरून, जवळ धरून शेवटी "प्रिंटच खराब आहे" म्हणाले. हेच तर म्हणतेय मी!

हां, एक राहिलं. चिन्ह त्या एका बाटलीपुरतं बोलतं, दोन बाटल्या एकत्र केल्यावर काय होईल ते सांगत नाही. आणि चिन्ह नाही म्हणजे निर्धोक असंही नाही. पाण्याच्या बाटलीत क्लीनर काढून ठेवत असाल तर मग लेबलवर बोलायलाच नको. कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, जाळणारं असेल तर वर येताना पुन्हा जाळतं. डॉक्टरकडे जाताना ती बाटली लेबलसकट बरोबर न्या.