खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगा

वाचकांच्या प्रश्नांना या महिन्यात उत्तरं देताहेत आमच्या एक जुन्या वाचक. त्या मूळच्या कराडच्या. सध्या कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात करारावर नर्सचं काम करतात आणि बाराही महिने स्वतःच्या व्हॅनमध्ये राहतात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा तुमच्याच अल्बर्टात, एडमंटनला गोदामात कामाला आहे. खोलीचं भाडं झेपत नाही म्हणून त्यानं जुनी मालवाहू व्हॅन घेतलीय आणि हिवाळाभर तिच्यातच राहणार म्हणतो. तिथे पारा उणे ३० पर्यंत जातो म्हणे. मी त्याला बजावलंय, रात्री सगळ्या काचा घट्ट लाव आणि गॅसची शेगडी बारीक करून चालू ठेव. तो 'हो हो' म्हणतो आणि विषय बदलतो. माझा जीव थाऱ्यावर नाही. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, हे वाचून झालं की लगेच त्याला फोन लावा आणि सांगा, 'शेगडीचं मी बोलले ते विसर.'

बंद गाडीत रात्रभर जळणारी शेगडी दोन उद्योग करते. हवा अपुरी पडली की ती कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. माणूस म्हणतो, फ्लू आला वाटतं, आणि पांघरूण ओढून झोपतो. आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, थंडीत डोकेदुखी घेऊन कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, 'रात्री खोलीत काय पेटवलं होतं?' दुसरा उद्योग पाण्याचा. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. बंद गाडीत ती वाफ जाणार कुठे? पत्र्यावर बसते आणि गोठते.

आता काचांचं. तुमच्या मुलाला त्या घट्ट लावायला नव्हे, बोटभर उघड्या ठेवायला सांगा. उणे ३० असलं तरी. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण थंडीचा बंदोबस्त पैसे टाकून एकदाच करता येतो. ओलीचा रोज करावा लागतो. पहिल्याच हिवाळ्यात वैतागून गाडी विकलेली जी मंडळी मी पाहिली, ती जवळपास सगळी ओलीपुढे हरली होती.

झोपलेला माणूस नुसत्या श्वासातून आणि घामातून रात्रीत पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. त्यात ओले बूट, ओले हातमोजे, आणि वर आपला वरण-भाताचा कुकर. जानेवारीत सकाळी मी छताकडे पाहते तेव्हा फळ्या कोरड्या असतात, पण जिथे स्क्रूचं डोकं उघडं राहिलंय तिथे बर्फाची पांढरी टिकली बसलेली असते. स्क्रू फळीतून थेट पत्र्याच्या फासळीत गेलेला, त्यामुळे बाहेरची थंडी त्याच वाटेनं आत येते. हीटर वाढवला की टिकल्या वितळतात आणि थेंब नेमके उशीवर पडतात. मी एकेका स्क्रूवर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. दिसतं भिकार, पण उशी कोरडी राहते. गादीचंही तेच. खाली सलग प्लायवूड असेल तर गादीचा तळ ओला होतो आणि काळी बुरशी धरते. पट्ट्यांमध्ये फटी ठेवून पलंग करायचा आणि उठल्यावर गादी भिंतीला उभी करायची. आळस केला की नाकाला कळतं.

खिडकी उघडी ठेवण्यामागचं गणित असं : २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे साधारण १७ ग्रॅम पाणी मावतं, उणे ३० च्या हवेत अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे बाहेरची हवा हाडं गोठवणारी असली तरी ठणठणीत कोरडी असते. ती खालून थोडी आत घ्या, तापवा, छताच्या झडपेतून बाहेर सोडा. जाताना ती ओल घेऊन जाते. थोडं इंधन जास्त जळतं, जळू द्या.

तापवायचं कशानं? डिझेलवर चालणारा एअर हीटर. वेबॅस्टो आणि एबरस्पेचर या जर्मन कंपन्यांचे जुने आणि नावाजलेले, बाकी चिनी मालही ढिगानं मिळतो. हा हीटर जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो, धूर नळीनं बाहेरच सोडतो आणि आत फक्त कोरडी गरम हवा फेकतो. शेगडीत आणि त्यात फरक आहे तो एवढाच, आणि सगळा हिवाळा त्या फरकावर निघतो. दोन किलोवॅटचा असेल तर मंद चालताना तासाला सुमारे १०० मिलिलीटर डिझेल पितो, पूर्ण जोरात पाव लिटरच्या आसपास. मात्र सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते आणि एखाद्या रात्री पेटायलाच नकार देतो. म्हणून रोज थोडा वेळ पूर्ण जोरात चालवायचा. त्याची गाडी पेट्रोलची असेल तर हीटरसाठी वेगळी छोटी टाकी लागेल. तिच्यात उन्हाळ्यात भरलेलं डिझेल ठेवायचं नाही. ते थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इथल्या पंपांवर हिवाळ्यात हिवाळी डिझेल येतं, तेच भरायचं.

इंजिन चालू ठेवून झोपणं मात्र अजिबात नको. रात्रीत बर्फ पडून सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर गाडीखालून आत येतो.

फोनवर त्याला विषय बदलू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे लावलाय, ते विचारा. उशीच्या उंचीला हवा. गाडी कुठे उभी करणार, तेही. रस्त्यावर गाडीत झोपायला सगळीकडे परवानगी नसते, मालकाला विचारून खासगी जागा मिळाली तर उत्तम, आणि तिथे विजेचा प्लग असेल तर सोन्याहून पिवळं. इथे गाड्यांच्या बॉनेटमधून एक वायर लोंबत असते, ती इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. काही तास आधी ती लावली तर सकाळी गाडी सुरू होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारा : मध्यरात्री हीटर बंद पडला तर कुठे जाशील? मित्राचं नाव, पत्ता आणि 'कधीही ये' असा त्याचा शब्द. हे उत्तर आलं नाही तर चिरंजीवांना सरळ सांगा, डिसेंबर ते फेब्रुवारी चौघांत खोली घे आणि गाडी मार्चपासून वापर. मी आई असते तर हेच सांगितलं असतं. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यात वाऱ्यासकट गारवा उणे ४० च्या खाली गेला की उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू शकते. हीटर बिघडल्यावर हातमोजे काढून स्क्रू पिळायला तेवढाच वेळ मिळतो.

आणि एक, हे औषधाचं नाही पण सांगते. एडमंटनला डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. गोदामातून सुटलेला पोरगा काळोखातून काळोखात येतो. तुम्ही फोन करता ना, ते चालू ठेवा. फक्त 'जेवलास का'च्या जोडीला 'गादी उभी केलीस का' हेही विचारत जा.

प्रश्न : छतावर सोलर आणि आत लिथियम बॅटरी, एवढ्यावर कॅनडातला हिवाळा निघेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. ऊन कमी, ते तिरपं, आणि पॅनलवर बर्फ. डिसेंबरात माझं पॅनल म्हणजे छतावरचं नुसतं ओझं. बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, भरायची व्यवस्था करायची. आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. वीज काढून घेतलेली चालते, भरलेली नाही. म्हणून ती पलंगाखाली, उबेत ठेवायची. बॅटरी मरगळली की डिझेल हीटरचा ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेवरची कांडी, तापत नाही, म्हणजे विजेचा प्रश्न शेवटी उबेचाच होतो.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, मुक्काम अमेरिकेतल्या थंडगार मिनियापोलिसला. मोटरहोम घेऊन हिवाळाही त्यातच काढावा असं ह्यांच्या मनात आहे. वय सत्तरीकडे. आपलं मत?

उत्तर : वहिनी, मोटरहोमला चाकं असतात. ऑक्टोबर संपायच्या आत दक्षिणेला, उबदार ऍरिझोनाकडे वळवा. तुमच्या वयाची हजारो जोडपी दर वर्षी तेच करतात, त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. ह्यांना बर्फ बघायचाच असेल तर एखादा आठवडा हॉटेलात राहून बघू दे. मोटरहोमच्या सांडपाण्याच्या टाक्या बहुधा खालच्या बाजूला असतात. त्या गोठल्या की काय होतं, ते सत्तरीत अनुभवण्यासारखं नाही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण आंघोळ आणि बाकीचं कसं करता?
— नाशिक

उत्तर : संकोच कसला, नर्सला विचारताय! आंघोळ हॉस्पिटलात ड्युटी संपल्यावर. सुट्टीच्या दिवशी जिममध्ये. व्यायाम करत नाही, सभासदत्व निव्वळ गरम पाण्यासाठी आहे. रात्रीसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली, आणि तिच्यावर मार्करनं मोठी फुली, कारण अंधारात पाण्याची बाटली तिच्या शेजारीच असते. बाकीच्यासाठी पिशवी लावलेली बादली आणि लाकडाचा भुसा. उणे २५ ला बाहेर ठेवलं की त्याला वाससुद्धा येत नाही. पिण्याचं पाणी मात्र अंथरुणाजवळ, आणि कॅन पाऊण भरलेला. गोठलं तरी फुटत नाही.