सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधनाचा आपल्यासारख्या देशात सरकारी धोरणावर खरंच परिणाम होतो का, की अहवाल फाइलीतच राहतात?

तुम्ही लिहिलं आहे की एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करताय, वर्षभर विदर्भातली गावं पालथी घालून माहिती जमवलीत, अहवाल दिलात आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणी सांगेना. आता हे क्षेत्रच सोडावं असं वाटतंय.

मी संशोधक नाही, डॉक्टरही नाही. बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि निवृत्त होईपर्यंत रोज एसटीनं तालुक्याच्या गावी जाऊन मुलींना विज्ञान शिकवत होते. पण एक संशोधन माझ्या वर्गात झालं आणि पुढे ते देशाचं धोरण झालं. ते सगळं डोळ्यांसमोर घडलं, म्हणून उत्तर लिहायला बसले.

परिणाम होतो. पण ज्याला ते काम पुढे रोज करायचं आहे त्याचा प्रश्न संशोधनानं सोडवला असेल, तरच होतो.

२००० सालची गोष्ट. आठवी-नववीच्या मुली दुसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकवायच्या. प्रार्थनेला उन्हात उभं केलं की एखादी हमखास खाली बसायची. आम्ही शिक्षिका म्हणायचो, रात्री उशिरापर्यंत घरकाम करतात, सकाळी चहा-खाखऱ्यावर येतात, दुसरं काय होणार. मग शाळेत रक्त तपासायला माणसं आली. राज्य सरकार, युनिसेफ आणि बडोद्याचं मेडिकल कॉलेज यांनी मिळून जिल्ह्यातल्या किशोरी मुलींसाठी कार्यक्रम सुरू केला होता. तपासलेल्या मुलींपैकी ७४.७ टक्के मुलींना पंडुरोग निघाला, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली. चारांत तीन. त्या दिवशी वर्गात गेले आणि बाकावर टेकलेली डोकी वेगळीच दिसायला लागली. इतकी वर्षं मी त्यांना आळशी म्हणत होते, याची आजही बोच आहे.

आता नीट पाहा. लोहानं रक्त वाढतं हे शोधायला ती माणसं आली नव्हती. ते केव्हाच माहीत होतं. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७० पासून चालू होता. पण दिवस गेल्यावर गोळ्या सुरू करायच्या म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखं. मुलगी चौदा-पंधराची असतानाच तिचा साठा भरला पाहिजे, हेही विद्यापीठातल्या लोकांना पटलेलं होतं. आमच्याच सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न आणि पोषण विभागानं बडोद्याच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलींना तीन महिने लोहाच्या गोळ्या देऊन पाहिलं होतं. रक्त तर वाढलंच, पण गोळी घेणाऱ्या मुलींचं वजनही सरासरी ०.८३ किलोनं जास्त वाढलं. भूक लागायला लागली की पोरगी जेवते, इतकं साधं.

अडत होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. रोज गोळी कोण देणार? घरी दिली तर पोरी घेतील का? हजारो मुलींना वर्षानुवर्षं द्यायची तर खर्च कसा झेपणार? म्हणून बडोदा जिल्ह्यात विचारलेला प्रश्न असा होता: आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, शाळेतच, शिक्षिकेच्या हातून गोळी दिली तर पुरेल का? आठवड्यातून एकदा देण्यामागे शास्त्र आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पाच-सहा दिवसांत नव्यानं तयार होतात. रोज लोह मिळालं की शरीर त्याला दार लावतं. मध्ये दिवस गेले की नव्या पेशी ते पुन्हा नीट शोषून घेतात. मळमळही कमी आणि खर्च सातवा हिस्सा.

कागदावर हे सोपं दिसतं. वर्गात पहिल्या दोन आठवड्यांत माझी भंबेरी उडाली. मी पहिल्या तासालाच गोळी देत होते. मुली उपाशीपोटी आलेल्या. "बेन, ऊबका आवे छे," म्हणत एकेक उठून नळाकडे पळायला लागली. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं म्हणून अर्धा वर्ग घाबरलेला. काही जणी गोळी जिभेखाली धरून बाहेर थुंकत होत्या, खिडकीखाली सापडायच्या. मग मी मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर द्यायला लागले. ज्यांचा डबा नसे त्यांच्यासाठी स्टाफरूममध्ये पावाची लादी आणून ठेवायची.

आणि एक दिवस एका मुलीचे वडील तणतणत आले. "बेन, आ शेनी गोळी छे?" पोरींना पुढे मुलं होऊ नयेत म्हणून सरकार गोळ्या देतंय, असं दूधमंडळीवर कुणीतरी उठवलं होतं. मी वादात पडले नाही. डब्यातली एक गोळी काढली, त्यांच्यासमोर तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. म्हटलं, "भाई, माझी मुलगी दहावीत आहे, घरी तिलाही हेच देते." ते गृहस्थ काही न बोलता गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी रांगेत पहिली उभी होती. तेव्हापासून दर आठवड्याला मी आधी स्वतः गोळी घ्यायचे, मग मुलींना द्यायचे. माझ्या पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही त्याचा काही फायदा झाला असेल तर नकळे.

हे सगळं पाहणीला येणाऱ्या बाई वहीत टिपून घ्यायच्या. किती मुलींना मळमळ झाली, कुठल्या वेळी दिली, कुणी थुंकली, घरचे काय म्हणाले. मला तेव्हा वाटायचं, हे काय लिहून घेतात? आता वाटतं, खरं संशोधन ते होतं. जिल्ह्यातल्या सुमारे ६९,००० मुलींपर्यंत गोळी पोचली, नव्वद टक्क्यांहून जास्त मुलींनी ती नियमित घेतली आणि पुढच्या तपासणीत पंडुरोगाचं प्रमाण ७४.७ वरून ५३.२ टक्क्यांवर आलं. त्यावरचा शोधनिबंध २००९ मध्ये छापून आला. तोवर कार्यक्रम जिल्ह्याबाहेर, राज्यभर गेलेला होता! २०१३ मध्ये तो देशभर सुरू झाला. तुमच्याकडच्या शाळांत सोमवारी देतात ती निळी गोळी हीच. तेव्हा तिच्यात १०० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असायचं, २०१८ मध्ये लोह ६० मिलिग्रॅमवर आणलं. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. गोळी जेवणानंतर द्यावी आणि शिक्षिकेनंही मुलींबरोबर घ्यावी, हे राष्ट्रीय सूचनांमध्ये वाचलं तेव्हा मला नळाकडे पळणाऱ्या माझ्या मुली आठवल्या.

कुणा सचिवानं निबंध वाचला आणि त्याचे डोळे उघडले, असं काही झालं नाही. ज्यांना पुढे हे चालवायचं होतं तेच लोक पहिल्या दिवसापासून त्यात होते. त्यामुळे निष्कर्ष आल्यावर "हे आमच्याच्यानं होणार नाही" असं म्हणायला कुणी उरलंच नाही.

गडचिरोलीचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं, की अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. देशाच्या कार्यक्रमात ते यायला २०११ उजाडलं. बारा वर्षं! आज आशाताई बाळाच्या घरी सहा-सात वेळा जाते ती त्यामुळे. पण गडचिरोलीतल्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनसुद्धा देत होत्या, ते काम आशाताईच्या हाती आलं नाही. सरकार संशोधनातलं पचेल तेवढं घेतं, बाकीचं ताटात ठेवतं. हे मनाला लागतं, पण ताटातलं पुन्हा वाढता येतं हेही खरं.

क्षयरोगात गाडं जरा लवकर हललं. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ आणि तूरडाळ दिली, तर घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला आहारासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये १,००० झाले. डाळ-तांदळानं आजार टळतो हे आपल्या आजीला कळत होतं, पण आजीचं म्हणणं अर्थसंकल्पात धरत नाहीत.

शेजारच्या बांगलादेशातलं एक उदाहरण मला फार आवडतं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी प्राण वाचवतं, हे १९७१ मध्ये आपल्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी करून दाखवलं. पण ते घराघरांत कसं न्यायचं? बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं बायका दारोदार पाठवल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईला पैसे किती मिळायचे? काही आठवड्यांनी दुसरं माणूस जाऊन तपासायचं, की आईला ते अजून नीट करता येतं का, आणि त्यावर मिळायचे. किती घरं झाली यावर नाही. आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं.

कारण आमच्या गोळीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. धोरण झालं आणि प्रश्न विचारणं थांबलं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत महिनोन्महिने गोळ्या यायच्या नाहीत, मग एकदम खोकी यायची. वरून फोन एवढाच, किती वाटल्या ते सांगा. रक्त कुणी तपासेना. वहीत टिपून घेणाऱ्या बाई केव्हाच येईनाशा झाल्या होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींतलं पंडुरोगाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५९.१ झालं. वाढलं! हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

यावर जाणकारांत वाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. त्या पाहणीत बोट टोचून थेंबभर रक्त घेतलं होतं, त्यानं प्रमाण जास्त दिसतं असं काहींचं म्हणणं. २०१६ ते १८ मध्ये शिरेतून रक्त घेऊन एक वेगळी राष्ट्रीय पोषण पाहणी झाली, तिच्यात १० ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ४० टक्के निघालं. वयोगट थोडा वेगळा आहे, पण फरक त्यापेक्षा मोठा आहे. त्याच पाहणीत किशोरवयीन मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि त्यानंही पंडुरोग होतो. म्हणजे काही मुलींच्या बाबतीत निळी गोळी कितीही दिली तरी पुरी पडणार नाही, ताकात, दुधात, अंड्यात उत्तर शोधावं लागेल. आमच्या जिल्ह्यातसुद्धा इमानेइतबारे गोळी घेऊन ५३ टक्के उरलेच होते की! त्या ५३ टक्क्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. आनंदाच्या भरात आम्ही फक्त कमी झालेले एकवीस मोजले.

म्हणून तुम्ही हे क्षेत्र सोडू नका, असं मला कळकळीनं वाटतं. पण पुढचा अहवाल लिहिताना तो ज्याच्या हातून राबवला जाणार आहे त्याला आधीच बरोबर घ्या. अंगणवाडीसेविका, आशाताई, एखादी शाळेतली बाई. त्यांना विचारा, तुमचं कुठे अडतं.

एक गोष्ट तर मलाच तुम्हाला विचारायची आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सुरुवातीच्या तपासणीत तिचं रक्त सात ग्रॅमच्या आसपास होतं. गोळ्या सुरू झाल्यावर ती खो-खोत धावायला लागली, इतकी की तालुक्याच्या संघात तिचं नाव घातलं होतं. नववीच्या दिवाळीनंतर कापूस वेचायला म्हणून गेली ती परत आलीच नाही. पटावरून नाव कमी झालं आणि त्याच दिवशी तिची गोळीही बंद झाली. दुसऱ्या तपासणीच्या आकड्यांत ती नाही. तिचं कार्ड बरीच वर्षं माझ्या कपाटात होतं. शाळेबाहेरच्या मुलींना अंगणवाडीतून गोळी देण्याची तरतूद आता राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तुम्ही ज्या गावांत फिरलात तिथल्या अंगणवाड्यांच्या वहीत अशा मुलींची नावं होती का? होती तर त्यांना गोळी खरंच कोण देत होतं, तेवढं लिहून कळवा.